नव्वद लाख गाड्या विकणारी कंपनी अडचणीत कशी येते?

२ सप्टेंबर २०२४ रोजी फोक्सवॅगनने जाहीर केलं, की जर्मनीतले कारखाने बंद करावे लागण्याची शक्यता आता नाकारता येत नाही. कंपनीच्या ८७ वर्षांच्या आयुष्यात जर्मनीतला एकही कारखाना तिने बंद केला नव्हता. चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की त्याच वर्षी फोक्सवॅगन समूहाने जगभरात ९० लाखांहून जास्त गाड्या विकल्या, सुमारे ३२५ अब्ज युरोंची उलाढाल केली आणि १९ अब्ज युरोंचा परिचालन नफा मिळवला. एवढी कमाई असताना कारखान्याला कुलूप कशासाठी?

आधी नफ्याचा आकडा उलगडून पाहू. फोक्सवॅगन समूह म्हणजे मोठं एकत्र कुटुंब आहे. ऑडी, पोर्शे, स्कोडा, सीट, बेंटली, लॅम्बोर्गिनी, डुकाटीच्या मोटरसायकली, मान आणि स्कानियाचे ट्रक अशा सगळ्यांची मिळकत त्या १९ अब्जांत आहे. दारावर ज्याच्या नावाची पाटी आहे त्या फोक्सवॅगन ब्रँडची स्वतःची कमाई मात्र तुटपुंजी आहे. २०२४ मध्ये शंभर युरोंच्या विक्रीमागे त्याला तीन युरोही सुटले नाहीत. चेक प्रजासत्ताकातल्या स्कोडाला त्याच वर्षी शंभरामागे आठ युरोंहून जास्त मिळाले. स्कोडाच्या गाड्यांचे सांगाडे, इंजिनं, गिअरबॉक्स बहुतांशी समूहाच्या समाईक साठ्यातलेच असतात. म्हणजे दुखणं गाडीच्या रचनेत कमी आणि ती कुठे, किती खर्चात, किती संख्येने बनते यात जास्त आहे.

मोटारींच्या धंद्याचं मर्म एका छोट्या हिशेबात सापडतं. पत्रे दाबणारी यंत्रं, रंगशाळा, रोबो, इमारती, वीजजोडणी, कायम नोकरीतली माणसं हा खर्च गाडी बनो वा न बनो, होतच राहतो. समजा, एका कारखान्याचा असा स्थिर खर्च वर्षाला १०० कोटी युरो आहे (आकडा केवळ हिशेबापुरता). तिथे वर्षाला २ लाख गाड्या बनल्या, तर प्रत्येक गाडीवर ५,००० युरोंचा बोजा पडतो. १ लाखच बनल्या, तर १०,००० युरोंचा. हा वाढलेला बोजा गिऱ्हाइकाकडून वसूल करता येत नाही, कारण प्रतिस्पर्ध्याची गाडी त्याच्या शोरूममध्ये जुन्याच भावात उभी असते. शंभरामागे तीन युरोंवर जगणाऱ्या ब्रँडला हे परवडणार कसं?

कारखाने बंद करण्याची बातमी आल्यानंतर दोनच दिवसांनी वोल्फ्सबुर्ग या मुख्यालयाच्या गावी झालेल्या कामगार सभेत कंपनीचे वित्तप्रमुख आर्नो अँट्लिट्झ यांनी हाच हिशेब मांडला. महासाथीच्या आधीच्या तुलनेत युरोपात वर्षाला सुमारे २० लाख गाड्या कमी विकल्या जात आहेत. त्या बाजाराचा सुमारे चौथा हिस्सा फोक्सवॅगनकडे असल्यामुळे तिच्या वाट्याच्या ५ लाख गाड्या कमी झाल्या, म्हणजे जवळजवळ दोन कारखान्यांचं काम गेलं. हे गिऱ्हाईक परत येणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि घडी बसवायला एक, फार तर दोन वर्षं हातात आहेत असंही. सभागृहात हजारो कामगार होते. त्यांचा राग मी समजू शकतो: गाड्या त्यांनी वाईट बनवल्या नव्हत्या, आणि तरी बिल त्यांच्याच नावे फाटत होतं.

कामगारांचा शब्द का चालतो

कारखाने जास्त झाले असतील तर मालक ते बंद करतो, असं आपण धरून चालतो. फोक्सवॅगनमध्ये ‘मालक’ कोण, हेच एका वाक्यात सांगता येत नाही. त्यामागचा इतिहास बाजूला ठेवून या कंपनीबद्दल बोलणं मला अन्यायाचं वाटतं.

१९३३ मध्ये सत्तेवर येताच नाझींनी जर्मन कामगार संघटना मोडून काढल्या आणि त्यांची मालमत्ता जप्त केली. ती मालमत्ता त्यांच्याच ‘जर्मन कामगार आघाडी’ या संस्थेकडे गेली, आणि याच संस्थेने १९३७ मध्ये फोक्सवॅगन स्थापन केली. म्हणजे कारखान्याच्या पायात कामगारांचेच हिसकावलेले पैसे होते. युद्धकाळात तिथे हजारो लोकांना सक्तीने राबवून घेतलं गेलं. १९४५ नंतर कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात आला. आयव्हन हर्स्ट या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिथे बीटल या छोट्या गाडीचं उत्पादन सुरू करून दिलं. पुढे कंपनी वाढली, पण तिचा खरा धनी कोण, हा वाद राहिलाच. १९६० मध्ये तिचे शेअर जनतेला विकताना खास ‘फोक्सवॅगन कायदा’ करून तो मिटवण्यात आला.

तो कायदा काही बदलांसह आजही लागू आहे. लोअर सॅक्सनी या राज्याकडे कंपनीतली २० टक्के मतं आहेत, आणि महत्त्वाच्या ठरावांना ८० टक्क्यांहून जास्त मतं लागत असल्यामुळे राज्य सरकार ते अडवू शकतं. पोर्शे आणि पिएख या घराण्यांकडे निम्म्याहून जास्त मतं आहेत, पण तेवढ्याने भागत नाही. कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात २० जण बसतात. त्यातले दहा कामगारांचे प्रतिनिधी, आणि उरलेल्या दहांत दोन राज्य सरकारचे. नोकऱ्यांच्या प्रश्नावर हे बारा बहुतेक वेळा एका बाजूला असतात. त्यात नवा कारखाना उभारायला किंवा असलेला हलवायला दोन तृतीयांश संमती लागते. कामगारांना नको असलेला कारखान्याचा निर्णय इथे रेटून नेता येत नाही.

या रचनेकडे बाहेरचे विश्लेषक पायातली बेडी म्हणून पाहतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. १९९३ मध्ये कंपनी गाळात गेली होती आणि ३०,००० नोकऱ्या जाण्याच्या बेतात होत्या. तेव्हा कामगार संघटनेने आठवड्याला २८.८ तासांचं, म्हणजे चार दिवसांचं काम आणि त्यासोबत कमी झालेला पगार मान्य करून त्या वाचवल्या. १९९४ पासून नोकरीच्या हमीचा करारही झाला. संप, टाळेबंदी, कोर्टकचेऱ्या यांत वर्षं वाया घालवणारे उद्योग पाहिले की या समजुतीची किंमत कळते. तिची दुसरी बाजू अशी, की प्रत्येक समजुतीत कुणाला तरी काही तरी द्यावं लागतं, आणि ते देण्यासाठी गल्ल्यात पैसा असावा लागतो. पैसा होता तोवर कारखाने अर्धवट भरले तरी चालून गेलं.

तो पैसा मोठ्या प्रमाणात चीनमधून येत होता.

शांघायचा झरा

चीनने दारं किलकिली केल्यावर आत शिरलेल्या पहिल्या पाश्चात्त्य मोटार कंपन्यांत फोक्सवॅगन होती. १९८४ मध्ये शांघायमध्ये भागीदारीचा करार झाला आणि सान्ताना ही साधी, दणकट गाडी तिथे बनू लागली. शांघायच्या रस्त्यांवरच्या टॅक्सी म्हणजे सान्ताना, असं समीकरण बरीच वर्षं होतं. १९९१ मध्ये फॉ या सरकारी कंपनीबरोबर दुसरी भागीदारी झाली. चीनमधला मध्यमवर्ग वाढत गेला आणि पहिली गाडी म्हणून जर्मन गाडी घेणं प्रतिष्ठेचं झालं. २०१९ मध्ये समूहाने जगभरात विकलेल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांपैकी ४२ लाख एकट्या चीनमध्ये गेल्या. दर पाचांतल्या जवळजवळ दोन. तिथल्या भागीदाऱ्यांतून त्या काळात वर्षाला ४ अब्ज युरोंहून जास्त नफा समूहाच्या वाट्याला येत होता.

२०२४ मध्ये चीनमधली विक्री २९ लाखांवर आली आणि तो नफा १.७ अब्जांवर. दरम्यान, २०२३ मध्ये चीनमधला सर्वांत जास्त खपणारा ब्रँड हा मान बीवायडी या चिनी कंपनीने फोक्सवॅगनकडून घेतला होता. समूहातल्या सर्वांत कमावत्या पोर्शेचीही तीच गत झाली. २०२१ मध्ये तिच्या ९५ हजारांहून जास्त गाड्या चीनमध्ये गेल्या होत्या, २०२४ मध्ये ५७ हजारांच्याही खाली. वडा लहान झाला आणि पंगतीला पाहुणे वाढले, अशा अर्थाचं एक वाक्य समूहाचे प्रमुख ऑलिव्हर ब्लूमे त्याच सुमारास एका मुलाखतीत बोलले. त्यांच्या मूळ वाक्यात केक होता.

मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे दिसते. २०२४ मध्ये वोल्फ्सबुर्गचे कारखाने अचानक महाग झाले नाहीत. ते आधीही महागच होते. शांघायच्या पैशामुळे ती महागाई झाकली जात होती, आणि झाकलेली असल्यामुळे तिच्यावर उपाय करण्याची घाई कुणालाच नव्हती.

इंजिनाची तटबंदी

चिनी कंपन्या एवढ्या झपाट्याने पुढे गेल्या त्यामागे सरकारी मदत होती हे खरं आहे. स्वस्त कर्ज, अनुदानं, जमीन, शहरांमध्ये नंबरप्लेटच्या सवलती, सगळं होतं. पण तेवढ्यावर थांबलं तर मुख्य गोष्ट निसटते.

पेट्रोल-डिझेल इंजिन आणि गिअरबॉक्स हे अतिशय कठीण यंत्रकाम आहे. शेकडो हलते भाग, मायक्रॉनमध्ये मोजायची अचूकता, धूर स्वच्छ ठेवायची रसायनं. हे शिकायला पिढ्या जातात. ही कला म्हणजे जुन्या कंपन्यांची तटबंदी होती, आणि तीस वर्षं खटपट करूनही चिनी कंपन्यांना ती नीट ओलांडता आली नव्हती. विद्युत गाडीत ही तटबंदीच उरत नाही. मोटर तुलनेने सोपी असते. गाडीच्या किमतीतला सर्वांत मोठा एकच वाटा बॅटरीचा, आणि बॅटरी म्हणजे यंत्रकामापेक्षा रसायनकाम.

शेनझेनची बीवायडी १९९५ मध्ये सुरू झाली ती बॅटऱ्या बनवायला. संस्थापक वांग चुआनफू मुळात रसायनशास्त्राच्या अंगाने आलेले. फोनच्या बॅटऱ्या बनवत कंपनी मोठी झाली आणि २००३ मध्ये एक आजारी मोटार कंपनी विकत घेऊन गाड्यांच्या धंद्यात उतरली. २०२० मध्ये तिने ‘ब्लेड’ बॅटरी आणली. तिच्यात लोह आणि फॉस्फेट वापरतात, महागडं निकेल आणि कोबाल्ट लागत नाही. त्याच वजनात ऊर्जा थोडी कमी मावते, पण ती स्वस्त पडते आणि सहज पेट घेत नाही. बॅटरीतले सेल, मोटर, पुष्कळशा चिप असं बरंच काही बीवायडी स्वतःच्या कारखान्यांत बनवते. फोक्सवॅगन सेल मुख्यतः बाहेरून घेत आली. युरोपातच सेल बनावेत म्हणून तिने स्वीडनच्या नॉर्थव्होल्टमध्ये मोठी गुंतवणूक केली, पण ती कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. आता जर्मनीत झाल्झगिटर इथे स्वतःचे सेल बनवण्याचा प्रयत्न चालू आहे.

वेगाचा मुद्दा त्याहून अवघड आहे. नवी गाडी कागदावरून रस्त्यावर यायला जुन्या युरोपीय पद्धतीने चार वर्षांच्या आसपास लागतात. चिनी कंपन्या साधारण दोन वर्षांत, कधी त्याहून लवकर आणतात. म्हणजे एका जर्मन गाडीच्या काळात त्यांच्या दोन पिढ्या बाजारात येऊन जातात, आणि पहिलीतल्या चुका दुसरीत दुरुस्त झालेल्या असतात.

गाडीतला संगणक

इथवर वाचून वाटेल की फोक्सवॅगन झोपून राहिली. तसं झालं नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तिचा डिझेल घोटाळा उघड केला. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होतं. ही उघड फसवणूक होती, आणि दंड, भरपाई, दुरुस्त्या मिळून कंपनीला ती ३० अब्ज युरोंहून जास्त पडली. पण त्या धक्क्यातूनच विद्युत गाड्यांवर अब्जावधी युरो लावण्याचा निर्णय झाला, आणि तो इतर बहुतेक जुन्या कंपन्यांच्या आधी झाला. २०२० मध्ये आयडी.३ ही विद्युत गाडी बाजारात आली. दिशा बरोबर होती. अडलं ते सॉफ्टवेअरपाशी.

हे समजायला जुनी गाडी आतून कशी असते ते पाहावं लागेल. काच वर-खाली करणारा एक छोटा संगणक, ब्रेकचा वेगळा, सीटचा वेगळा, दिव्यांचा वेगळा, असे सत्तर-ऐंशी, कधी शंभर डबे एका गाडीत असतात. प्रत्येक डबा एखाद्या पुरवठादाराने त्याच्याच सॉफ्टवेअरसह आणून दिलेला. फोक्सवॅगनचं कसब या डब्यांचे भाव पाडून घेण्यात आणि ते एकमेकांशी जुळवण्यात होतं. आतलं सॉफ्टवेअर तिच्या मालकीचं नसे. टेस्लाने आणि नंतर चिनी कंपन्यांनी मोजके मोठे संगणक घेतले आणि सॉफ्टवेअर घरात लिहिलं. त्यामुळे फोनसारखी गाडीही रात्रीत अद्ययावत होऊ लागली. जुन्या रचनेत ब्रेकच्या वागणुकीतला छोटा बदलही चार पुरवठादारांच्या बैठकांतून जातो.

ही दरी भरून काढण्यासाठी तेव्हाचे प्रमुख हर्बर्ट डीस यांनी २०२० मध्ये समूहाचं सॉफ्टवेअर एका छत्राखाली आणलं. तीच पुढे कॅरियाड ही समूहाची सॉफ्टवेअर कंपनी झाली. कल्पना योग्य होती. पण पोर्शे, ऑडी आणि फोक्सवॅगन या तिघांच्या तीन वेगळ्या गरजा, तीन वेळापत्रकं आणि तीन अहंकार एकाच टेबलावर आले. हजारो अभियंते घेतले गेले, तरी काम पुढे सरकेना. सुरुवातीच्या आयडी.३ अपुऱ्या सॉफ्टवेअरसह गिऱ्हाइकांच्या हाती गेल्या. पोर्शेची मकान नावाची विद्युत गाडी सुमारे दोन वर्षं रखडली. २०२२ पासून सलग तीन वर्षं कॅरियाडचा तोटा दर वर्षी २ अब्ज युरोंच्या वर राहिला. डीस यांना २०२२ मध्ये जावं लागलं. त्याआधी, २०२१ मध्ये, वोल्फ्सबुर्ग टेस्लाच्या मागे पडतंय हे सांगताना ३०,००० नोकऱ्या धोक्यात असल्याचा त्यांचा आकडा बाहेर आला होता आणि कामगार परिषदेशी, म्हणजे कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या मंडळाशी, त्यांचं मोठं भांडण झालं होतं.

तीन वर्षांनी झालेल्या करारात आकडा ३५,००० होता.

सत्तर तासांची बैठक

डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला जर्मनीभर सुमारे एक लाख कामगारांनी इशारा-संप, म्हणजे काही तासांपुरते संप, केले. मग हॅनोव्हरमध्ये सत्तरहून जास्त तास बोलणी चालली आणि २० डिसेंबरला तोडगा निघाला. एकही कारखाना तडकाफडकी बंद होणार नाही. कुणाला सक्तीने काढलं जाणार नाही. नोकरीची हमी २०३० पर्यंत राहील. त्याबदल्यात लवकर निवृत्ती आणि ऐच्छिक योजनांतून २०३० पर्यंत ३५,००० हून जास्त जागा कमी होतील, पगारवाढ थांबेल, बोनस घटतील आणि जर्मनीतली उत्पादनक्षमता वर्षाला ७ लाखांहून जास्त गाड्यांनी खाली येईल. दर वर्षी १,४०० शिकाऊ तरुण घेतले जात, ते ६०० होतील. या सगळ्यात मला ही शेवटची ओळ सर्वांत जास्त लागली. कामगार परिषदेच्या प्रमुख डानिएला कावाल्लो स्वतः या कंपनीत शिकाऊ म्हणूनच आल्या होत्या. त्यांचे वडील इटलीहून इथे कामाला आले होते. वोल्फ्सबुर्गमधल्या कितीतरी घरांची वाट याच दारातून गेली आहे.

दरम्यान बाहेरचं हवामानही बिघडलं. डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन सरकारने विद्युत गाड्यांचं अनुदान एकाएकी थांबवलं आणि विक्री कोसळली. अमेरिकेने एप्रिल २०२५ पासून आयात गाड्यांवर २५ टक्के जादा शुल्क लावलं. नंतर युरोपशी १५ टक्क्यांवर समझोता झाला, पण अमेरिकेत एकही कारखाना नसलेल्या ऑडीला आणि पोर्शेला त्याची झळ पुरेपूर बसली. उलट युरोपने चिनी विद्युत गाड्यांवर जादा शुल्क लावलं तेव्हा फोक्सवॅगननेच त्याला विरोध केला. तिच्याच समूहातली कुप्रा टाव्हास्कान ही विद्युत गाडी चीनमध्ये बनून युरोपात येते, आणि चीनने उट्टं काढलं तर तिथला उरलासुरला धंदाही जाईल ही भीती होती.

पूर्वी असंच एकदा

फोक्सवॅगनला बाहेरून शिकावं लागण्याची ही पहिली वेळ नाही. १९७० च्या सुमारास ती एकट्या बीटलच्या जिवावर उभी होती. मागे बसवलेलं, हवेने थंड होणारं इंजिन कालबाह्य झालं होतं, आणि १९७४ मध्ये कंपनी तोट्यात गेली. तिला तारलं गोल्फ या नव्या गाडीने. पाण्याने थंड होणारं, पुढच्या चाकांना ओढणारं इंजिन बनवण्याचं ज्ञान मुख्यतः ऑडीकडून आलं, जिचा ताबा फोक्सवॅगनने १९६५ मध्ये डायम्लर-बेंझकडून मिळवला होता.

आता तसंच उसनं ज्ञान ती पुन्हा घेते आहे. २०२३ मध्ये चीनच्या एक्सपेंग या विद्युत मोटार कंपनीत तिने सुमारे ७० कोटी डॉलर गुंतवले आणि चीनमधल्या गाड्यांची इलेक्ट्रॉनिक रचना दोघांनी मिळून करायला घेतली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या रिव्हियन या विद्युत मोटार कंपनीबरोबर सॉफ्टवेअरसाठी ५ अब्ज डॉलरहून मोठी भागीदारी केली. हेफेईमध्ये स्वतंत्र विकासकेंद्र उभारून चीनच्या गाड्या चीनमध्येच, चिनी वेगाने घडवण्याचा प्रयत्न चालू आहे. चाळीस वर्षांपूर्वी शांघायमध्ये शिक्षक म्हणून गेलेली कंपनी आज तिथे विद्यार्थी आहे, आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही; वेळेवर शिकायला बसणं हे शहाणपणाचंच आहे. मात्र एक फरक नजरेआड करता येत नाही. ऑडी तिची झाली होती. एक्सपेंग आणि रिव्हियन स्वतःच्या गाड्याही विकतात, आणि फोक्सवॅगनबरोबर काम करताना तेही शिकत असतात.

युरोपात सुमारे २५,००० युरोंची विद्युत पोलो आणि २०२७ साठी २०,००० युरोंच्या आसपासची त्याहून छोटी गाडी, अशी तिची तयारी आहे. या गाड्या त्या भावात नफ्यासह विकता आल्या, तर सुरुवातीचा स्थिर खर्चाचा हिशेब पुन्हा जुळू शकतो. तिकडे बीवायडीने हंगेरीत सेगेद इथे कारखाना उभारायला घेतला, म्हणजे शुल्काची भिंतही फार काळ पुरणार नाही.

डिसेंबरच्या करारानुसार पेट्रोलवरची गोल्फ २०२७ पासून वोल्फ्सबुर्गमधून उठून मेक्सिकोतल्या पुएब्लाला जाईल. शेवटची जुनी बीटल २००३ मध्ये त्याच पुएब्लातून बाहेर पडली होती. वोल्फ्सबुर्गला पुढे विद्युत गोल्फ मिळणार आहे, पण ती यायला अजून काही वर्षं आहेत, आणि तोवर त्या प्रचंड असेंब्ली लाइनवर कोणत्या गाड्या धावणार, त्यासाठी आठवड्यातले किती दिवस काम मिळणार, हाच सध्या त्या गावातल्या घराघरातला प्रश्न आहे.